साडेतीन हातांचा देह, नऊ तालांचा देव

परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्याचं ताडकळस मध्यभागी धरून नकाशावर नजर फिरवली, तर चहूबाजूंनी जुन्या दगडी देवळांची गावं लागतात. वायव्येला जिंतूर तालुक्यातलं चारठाणा, नैर्ऋत्येला गंगाखेड तालुक्यातलं गोदाकाठचं धारासूर, उत्तरेला हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ, आग्नेयेला देगलूर तालुक्यातलं होट्टल. धारासूर आणि होट्टलच्या देवळांच्या बाह्यभिंतींवर सुरसुंदरींच्या रांगा आहेत. उंच, सडपातळ, कमरेत बाक देऊन उभ्या. देऊळ कोणी बांधलं असं गावात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : हेमाडपंतानं.

हा हेमाडपंत म्हणजे हेमाद्री पंडित. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे दफ्तराचा मुख्य अधिकारी. महादेवराव यादव (१२६१ ते १२७१) आणि त्याच्यानंतरचा रामचंद्रदेव (१२७१ ते १३११) या दोन्ही राजांच्या पदरी तो होता. त्याच्या नावावर खपणारी कित्येक देवळं त्याच्या जन्माआधीच उभी राहिलेली होती. होट्टलची भरभराट तर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली. पण लोकांच्या तोंडी असलेल्या एका दंतकथेत वेगळाच धागा सापडतो. त्या कथेत हेमाडपंत हा वैद्य आहे. त्यानं लंकेत जाऊन बिभीषणाला दुखण्यातून उठवलं आणि मोबदल्यात मिळालेल्या राक्षसांकडून ही देवळं बांधून घेतली.

राक्षस आणि लंका बाजूला ठेवली, तरी वैद्यकाचा भाग खरा निघतो. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिणारा पंडित हाच. आणि ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा व्रतं, दानं, श्राद्धं यांचा प्रचंड कोश रचणाराही हाच. त्या कोशाच्या व्रतखंडात कोणत्या देवाची मूर्ती कशी करावी याची वर्णनं ‘विष्णुधर्मोत्तर पुराणा’सारख्या ग्रंथांतून त्यानं भरभरून उचलली आहेत. एका हाताशी रोग्याचं शरीर, दुसऱ्या हाताशी देवाची मूर्ती, असा हा लेखक होता. दोन्ही विद्यांत मोजायचं एकक एकच : अंगुळ. मात्र वैद्याचं अंगुळ एका ठिकाणाहून येतं आणि मूर्तिकाराचं दुसऱ्याच ठिकाणाहून. प्राचीन वैद्यकातली भूमिती समजून घ्यायची तर या फरकापासूनच सुरुवात करावी लागते.

खरं तर अंगुळं तीन होती. पहिलं सरकारी. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त आठ यवांच्या मध्यभागांची रुंदी म्हणजे एक अंगुळ, किंवा मध्यम बांध्याच्या माणसाच्या मधल्या बोटाची मधली, सर्वांत जाड रुंदी म्हणजे एक अंगुळ, अशी व्याख्या आहे. जमीन, लाकूड, कापड मोजायला हे ठीक, कारण बाजारात सगळ्यांचं माप सारखं हवं. दुसरं अंगुळ वैद्याचं. ते रोग्याच्या स्वतःच्या बोटाचं. वैद्याच्या बोटाचं नाही आणि राजाच्या पट्टीवरचंही नाही. तिसरं मूर्तिकाराचं. ते कोणाच्याच बोटाचं नसतं. मूर्तीची ठरलेली उंची भागून जे येईल ते तिचं अंगुळ.

वैद्याच्या अंगुळाचं सर्वांत तपशीलवार कोष्टक ‘चरकसंहिते’च्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात आहे. रोग्याची परीक्षा दहा अंगांनी करावी असं तिथं सांगितलं आहे : प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय. यातलं पाचवं अंग म्हणजे प्रमाण, सरळ मोजमाप. पाऊल १४ अंगुळं लांब, ६ रुंद, ४ उंच. पोटरी १८ अंगुळं लांब, तिचा घेर १६. गुडघा ४, मांडी पुन्हा १८ आणि तिचा घेर ३०. छाती २४ रुंद. मान ४ उंच, २२ घेराची. चेहरा १२ उंच. हनुवटी, ओठ, कान, नाक, कपाळ प्रत्येकी ४. पायाच्या तळव्यापासून माथ्यापर्यंत अशी यादी पुरी झाली की एक बेरीजवजा विधान येतं : अख्खं शरीर ८४ अंगुळं, आणि जेवढं उंच तेवढंच रुंद. इथली रुंदी म्हणजे दोन्ही हात आडवे पसरल्यावर एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर. दोर मोजणारे शेतकरी यालाच वाव म्हणतात. उंची आणि वाव सारखी असलेल्या शरीराला चरकानं ‘सम’ म्हटलं आणि आयुष्य, बळ, ओज, सुख यांच्याशी त्याचा संबंध जोडला. माप त्याहून उणं किंवा अधिक असेल तर वैद्यानं सावध व्हावं.

हा ८४चा आकडा हवेतून आलेला नाही. प्रौढ माणसाच्या मधल्या बोटाची रुंदी साधारण पावणेदोन ते दोन सेंटीमीटर भरते. १६५ सेंटीमीटर उंचीच्या माणसाला ८४नं भागलं तर भागाकार येतो १.९६ सेंटीमीटर. बोट लावून कोणीतरी माणसं मोजली होती, तेव्हाच हा आकडा हाती आला असणार.

वाग्भटानं हेच माप आणखी आटोपशीर केलं. ज्याचं शरीर स्वतःच्या साडेतीन हातांचं, तो सुखाला आणि आयुष्याला पात्र, असं ‘अष्टांगहृदया’च्या शारीरस्थानात आहे. एक हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर, २४ अंगुळं. साडेतीन गुणिले २४ म्हणजे बरोबर ८४. चरकाची यादी विसरली तरी साडेतीन हातांचं गणित विसरत नाही. कीर्तनात बुवा ज्या साडेतीन हातांच्या देहाविषयी बोलतात, आणि माणसाला शेवटी साडेतीन हात जागाच लागते असं मराठी माणूस बोलता बोलता म्हणून जातो, ते हेच माप. वैराग्य शिकवायला वापरलेला हा आकडा वैद्याच्या तपासणीतही तितकाच कामाचा होता.

तपासणीत त्याचं काम काय? औषधाची मात्रा ठरवायची तर रोग्याचं बळ कळायला हवं आणि बळाचा एक अंदाज बांध्यावरून बांधता येतो. म्हणूनच चरकाच्या सूत्रस्थानात आठ ‘निंदित’ शरीरांची यादी आहे. अतिउंच, अतिठेंगणा, अंगावर फार केस असलेला, केसच नसलेला, फार काळा, फार गोरा, फार लठ्ठ आणि फार कृश. यातल्या लठ्ठ आणि कृश या दोघांवर चरकानं पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण त्या दोन्हींवर उपाय करता येतो. उंची-ठेंगणेपणाचं मात्र फक्त निदान. माप हे इथं सौंदर्याची कसोटी म्हणून येत नाही. कोणाला कोणतं औषध झेपेल, हे ठरवायला येतं.

‘सुश्रुतसंहिते’त हिशेब बदलतो. सूत्रस्थानाच्या ३५व्या अध्यायात सुश्रुतानं माणसाची लांबी १२० अंगुळं दिली आहे. चरकाच्या ८४ पेक्षा ही तब्बल ३६ अंगुळांनी जास्त. एकाच देशात, एकाच विद्येत इतका फरक कसा? टीकाकारांनी काढलेली तोड अशी की सुश्रुताचा माणूस चवड्यांवर उभा आहे आणि त्यानं दोन्ही हात वर केले आहेत. ही ओढाताण वाटेल, पण तिच्यामागे वेदकाळापासूनची मापपद्धत आहे. यज्ञवेदी आखायचं शास्त्र सांगणाऱ्या शुल्बसूत्रांत ‘पुरुष’ हे एक माप येतं. बौधायनाच्या हिशेबात ते १२० अंगुळांचं. हात वर करून उभ्या राहिलेल्या यजमानाइतकी बांबूची काठी तोडायची आणि तिनं वेदीचे चौरस आखायचे, अशी ती रीत. श्येनचिती, म्हणजे पंख पसरलेल्या पक्ष्याच्या आकाराची विटांची वेदी, याच काठीनं मोजली जाई. मराठवाड्यात जुनी माणसं विहिरीची खोली परसांत सांगतात, ते परस म्हणजे हाच हात वर केलेला पुरुष. सुश्रुताच्या आकड्यात वैद्याचं बोट आणि यज्ञाची काठी एकत्र आली असावीत.

मोजायचं कधी आणि कोणाचं, याबद्दल मात्र सुश्रुत चोख आहे. पुरुष पंचविशीचा आणि स्त्री सोळा वर्षांची झाल्यावरच ही मापं लागू होतात, कारण तेव्हा शरीर पुरतं भरलेलं असतं. स्त्री आणि पुरुष यांचं माप त्यानं वेगवेगळं दिलं. पुरुषाची छाती जितकी रुंद तितके स्त्रीचे नितंब रुंद, आणि स्त्रीची छाती जितकी, म्हणजे १८ अंगुळं, तितकी पुरुषाची कंबर. चार मापं दोन आकड्यांत बसवणारी ही अदलाबदल शिष्याला एकदा ऐकून पाठ व्हावी अशी आहे.

आता देवळाकडे. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या ‘बृहत्संहिते’त मूर्तीचं माप गाभाऱ्याच्या दारापासून सुरू होतं. दाराची उंची घ्यायची, तिचा आठवा भाग कमी करायचा, उरलेल्याचे तीन भाग करायचे. दोन भागांची मूर्ती, एका भागाचं पीठ. चार हातांचं दार घेऊन हिशेब केला तर ९६ अंगुळांतून १२ गेली, ८४ उरली. मूर्ती ५६ अंगुळांची आणि पीठ २८ अंगुळांचं. मग त्या मूर्तीच्या उंचीचे १०८ भाग केले की तिचं स्वतःचं अंगुळ मिळतं. ५६ अंगुळांच्या मूर्तीचं अंगुळ सरकारी अंगुळाच्या जेमतेम निम्मं भरतं. दारातून मूर्ती, मूर्तीतून बोट, बोटातून नाक आणि डोळा असा हा उतरता क्रम आहे. वैद्य बोटापासून वर शरीराकडे जातो, मूर्तिकार दारापासून खाली बोटाकडे.

मूर्तीचा चेहरा १२ अंगुळांचा, म्हणजे एका तालाचा. सर्वसाधारण देवमूर्ती नऊ तालांची. चरकाच्या माणसाचाही चेहरा १२ अंगुळांचाच, पण त्याचं शरीर ८४ अंगुळांचं. साधा भागाकार केला तर माणूस सात मुखांचा ठरतो आणि देव नऊ मुखांचा. मुख तेवढंच राहतं, बाकीचा देह लांबतो. भिंतीवरच्या देवांगना माणसांसारख्या दिसूनही माणसांपेक्षा उंच आणि हलक्या का वाटतात, याचं एक कारण या जादा दोन मुखांत आहे. ठेंगण्या देवांसाठी वेगळी कोष्टकं होती : गणपतीसाठी पाच ताल, वामनासारख्या ठुसक्या रूपांसाठीही कमी ताल. ब्रह्मा, विष्णू, शिव यांच्यासाठी पुढच्या शिल्पग्रंथांनी दशतालाचं माप काढलं. दहा ताल म्हणजे सुश्रुताचा १२०चा आकडा, तोही हात खाली ठेवून.

माणूस आणि देव यांच्यामध्ये वराहमिहिरानं आणखी एक पायरी मांडली. पुरुषलक्षणांच्या अध्यायात त्यानं स्वतःच्या बोटानं मोजलेल्या उंचीप्रमाणे माणसांच्या तीन प्रती लावल्या : १०८ अंगुळांचा उत्तम, ९६चा मध्यम, ८४चा हीन. चरकाचा निरोगी, दीर्घायुषी, ‘सम’ माणूस ज्योतिषाच्या कोष्टकात थेट तळाला गेला. १६५ सेंटीमीटर उंचीच्या पुरुषाला स्वतःच्या १०८ बोटांचं व्हायचं असेल तर त्याचं बोट दीड सेंटीमीटरच रुंद हवं. असा माणूस शोधून सापडायचा नाही. पण लक्षणं सांगणाऱ्याला रोगी तपासायचा नव्हता. राजा कसा दिसावा, हे त्याला सांगायचं होतं. राजाचं माप देवाच्या मापापर्यंत नेलं की त्याचं काम झालं.

हाच पेच पश्चिमेतही दिसतो. ग्रीक शिल्पकार पॉलिक्लिटस यानं इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ‘कॅनन’ नावाचा ग्रंथ लिहिला आणि त्याच नियमांनी पुतळा घडवला. ग्रंथ हरवला. त्यातलं मर्म जे उरलं, ते बऱ्याच अंशी एका वैद्यामुळे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या गेलननं बोटाचं बोटाशी, बोटांचं तळव्याशी, तळव्याचं मनगटाशी असलेलं प्रमाण म्हणजे सौंदर्य, हे मत पॉलिक्लिटसच्या नावानं नोंदवलं आणि शरीरप्रकृतीवर लिहिताना मध्यम, समतोल देहाचा नमुना म्हणून त्याच्या पुतळ्याकडे बोट दाखवलं. रोमन स्थपती व्हिट्रुव्हियसनं माणसाची उंची चार हात म्हणजे ९६ बोटं धरली, पाऊल उंचीच्या सहाव्या हिश्शाचं धरलं आणि उंची व वाव सारखी मानली. ९६ हा वराहमिहिराचा मध्यम पुरुष. पाऊल मात्र चरकाच्या कोष्टकाशी जुळतं : १४ भागिले ८४ म्हणजे नेमका सहावा हिस्सा. १४९०च्या सुमारास लिओनार्दोनं वर्तुळात आणि चौकोनात उभा केलेला माणूस बऱ्याच अंशी व्हिट्रुव्हियसच्याच आकड्यांवर उभा आहे. त्यातला चौकोन म्हणजे चरकाची ‘सम’ अट : जेवढा उंच, तेवढा रुंद.

हेमाद्रीच्या ‘आयुर्वेदरसायना’चा आज सगळा भाग मिळत नाही, सूत्रस्थानावरची टीका मात्र शाबूत आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानं १९३९ साली हरिशास्त्री पराडकरांनी संपादलेली ‘अष्टांगहृदया’ची जी आवृत्ती काढली, तिच्यात अरुणदत्ताच्या टीकेबरोबर हेमाद्रीचीही टीका आहे. सूत्रस्थानातले २५वा आणि २६वा हे अध्याय यंत्रं आणि शस्त्रं यांचे, आणि तिथं अंगुळ पुन्हा भेटतं. आता ते लोखंडावर उतरलेलं असतं.

सुश्रुताच्या हिशेबानं यंत्रं १०१ : स्वस्तिकयंत्रं २४, संदंश २, तालयंत्रं २, नाडीयंत्रं २०, शलाका २८ आणि उपयंत्रं २५. स्वस्तिकयंत्र म्हणजे मध्यभागी मसुरीच्या दाण्याएवढ्या खिळ्यानं जोडलेला, फुलीच्या आकाराचा, १८ अंगुळं लांब चिमटा. त्याच्या तोंडांना सिंह, वाघ, लांडगा, अस्वल, कावळा, कंक अशा पशुपक्ष्यांची नावं. कंकमुख सर्वांत उपयोगी, कारण बगळ्याच्या जातीच्या या पक्ष्याच्या चोचीसारखं ते खोल जातं आणि रुतलेलं शल्य धरून बाहेर येतं. संदंश १६ अंगुळांचा, तालयंत्रं १२ अंगुळांची. आकाराची चिन्हं इथं देव्हाऱ्यातून शस्त्रागारात आलेली दिसतात. दारावर मांगल्य म्हणून काढायचा स्वस्तिक जखमेतलं बाणाचं टोक उपसायला वापरला जातो.

चिरा कसा द्यायचा हेही भूमितीनंच ठरतं. हातापायांवर चंद्रबिंबासारखा गोल, गुद आणि शिस्नाच्या जागी अर्धचंद्र, भुवई, गाल, कपाळ अशा ठिकाणी तिरका. डागण्याच्या चार आकृती : वलय, बिंदू, रेघा आणि घासून पसरट. पट्ट्या १४, त्यात गोल अवयवांसाठी मंडल, सांध्यांसाठी स्वस्तिक. भगंदरावरच्या शस्त्रकर्मात सुश्रुतानं चार छेद सांगितले. लांगलक दोन्हीकडे सारख्या फाट्यांचा नांगर, अर्धलांगलक एकीकडे आखूड. गोतीर्थक एका बाजूनं. आणि सर्वतोभद्रक, शिवण सोडून चारी बाजूंनी. हे शेवटचं नाव मराठी घरांत ओळखीचं आहे. व्रताच्या उद्यापनाला भटजी पाटावर रंगीत तांदळांनी जे चौकोनी मंडल भरतात ते सर्वतोभद्र. ‘बृहत्संहिते’त चार दारांच्या देवळाचंही तेच नाव. चारी बाजूंनी सारखी असलेली आकृती शुभ, या एका कल्पनेला देऊळ, पूजा आणि शस्त्रक्रिया या तिन्ही ठिकाणी जागा मिळाली.

शस्त्र चालवताना चूक कुठे महागात पडेल, हेही बोटांतच सांगितलेलं. शरीरावरच्या १०७ मर्मांना सुश्रुतानं आकार दिले : काही एक अंगुळाची, मनगट आणि घोट्याची दोन, गुडघा आणि कोपराची तीन, हृदय, बस्ती, नाभी यांच्यासारखी मोठी मर्मं मिटलेल्या तळहाताएवढी. तळहात कोणाचा? रोग्याचा स्वतःचा. सहा फुटी सैनिकाच्या आणि दहा वर्षांच्या मुलाच्या शरीरावर एकच सरकारी पट्टी लावली तर दोघांपैकी एकाच्या जिवाशी गाठ. चिनी वैद्यकात सुया टोचायच्या जागा शोधताना वापरतात ते ‘छुन’ हे मापही रोग्याच्याच अंगठ्याच्या रुंदीवरून काढतात, ते याच कारणानं.

मोजमापाची ही विद्या पोथीबाहेरही जगली, याचा सर्वांत गाजलेला पुरावा पुण्याजवळचा. १७९२च्या टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या सैनिकांच्या हाती लागला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ वीट पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं त्याला नवं नाक बसवून दिलं. रीत अशी : आधी उरलेल्या बुंध्यावर मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकारात बसवायचा, मग तो काढून सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याच्या कडेनं रेघ मारायची, तेवढं कातडं भुवयांमधला देठ न तोडता सोलायचं, फिरवून खाली आणायचं आणि बसवायचं. हे इंग्रज डॉक्टरांनी पाहिलं आणि लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात चित्रासह छापून आलं. जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शल्यचिकित्सकानं १८१४पासून त्या पद्धतीनं दोन शस्त्रक्रिया केल्या आणि १८१६ साली त्यावर पुस्तक काढलं.

सुश्रुतानं कातडं गालावरून घ्यायला सांगितलं होतं आणि मापाला नाकाएवढं झाडाचं पान. पुण्याच्या कारागिरानं पानाऐवजी मेण घेतलं, गालाऐवजी कपाळ. मेणामुळे एक मोठा प्रश्न सुटला. नाक उंचसखल आहे आणि कपाळ सपाट. उंचसखल पृष्ठभाग सपाट केला तर किती जागा व्यापेल, हे पानाला सांगता येत नाही, मेणाला येतं. दगडात नाक कोरणाऱ्या मूर्तिकाराला हा हिशेब कधी करावा लागला नाही. त्याला जास्तीचा दगड काढून टाकायचा असतो.

देवाचं आणि वैद्याचं माप एकत्र येतं ते बाळंतपणात. सुश्रुताच्या शारीरस्थानात सूतिकागृह आठ हात लांब, चार हात रुंद, पूर्वेला किंवा दक्षिणेला दार असलेलं सांगितलं आहे. लांबी रुंदीच्या दुप्पट, सरळ दोन चौरसांची खोली. बाळंतिणीनं मऊ, रुंद अंथरुणावर उताणं, मांड्या दुमडून झोपावं. हीच मुद्रा मराठवाड्याच्या मातीतून निघालेल्या लज्जागौरीच्या छोट्या मूर्तींत आहे. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, जालन्यातलं भोकरदन इथं अशा मूर्ती सापडल्या आहेत, आणि तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या पाहता येतात. दोन्ही पाय बाजूंना दुमडलेले, शरीर मधोमध उभ्या रेषेनं बरोबर दोन सारख्या भागांत विभागलेलं, आणि बऱ्याचदा डोक्याच्या जागी कमळ. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात या देवतेचा सविस्तर शोध घेतला. मूर्तिशास्त्राच्या नऊ तालांत ती बसत नाही. तिच्यात चेहराच नाही, तर ताल कुठून मोजणार? तिचं माप फक्त एक आहे, डावी आणि उजवी बाजू सारखी असणं.

बाळंतपणासाठी आकड्यांचीही एक आकृती वैद्यकात आली. इसवी सन ९००च्या सुमारास वृंदानं रचलेल्या ‘सिद्धयोग’ या चिकित्साग्रंथात प्रसूती सुखरूप व्हावी म्हणून तीन गुणिले तीन घरांचा चौकोन दिला आहे. त्यात दोनपासून अठरापर्यंतचे सम आकडे भरायचे, मधल्या घरात १०. पहिल्या ओळीत १६, ६, ८, दुसऱ्या ओळीत २, १०, १८, तिसऱ्या ओळीत १२, १४, ४ अशी मांडणी केली तर उभं, आडवं, तिरपं कसंही मोजलं तरी बेरीज ३० येते. वराहमिहिरानं सोळा घरांचा असाच चौकोन, अठरा बेरजेचा, सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणासाठी वापरला होता. तिथं त्याचा उपयोग खराखुरा होता : कोणतीही ओळ घ्या, द्रव्यांचे भाग तेवढेच भरतात. वृंदाच्या चौकोनाकडून अपेक्षा निराळी होती. कळा येणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर सगळ्या बाजूंनी जुळणारं काहीतरी ठेवायचं, हा त्यातला विचार दिसतो. त्या काळी बाळंतपणात आईच्या जिवाचा भरवसा नसे. मोजता न येणाऱ्या भीतीला मोजता येणारी आकृती हा वैद्यानं शोधलेला आधार होता.

आयुर्वेदाच्या महाविद्यालयांत दशविध परीक्षा शिकवताना प्रमाण हे अंग आजही येतं आणि विद्यार्थी चरकाची यादी पाठ करतात. मूर्ती घडवणारे कारागीर तालाचं कोष्टक वापरतात. आणि आधुनिक रुग्णालयात उंचीबरोबर वावही मोजली जाते, ती मारफान या आनुवंशिक आजाराच्या शंकेनं. या आजारात हातपाय आणि बोटं शरीराच्या मानानं लांब वाढतात, आणि धोका असतो तो हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला. निदानाच्या कसोट्यांत वावेला उंचीनं भागून १.०५पेक्षा जास्त आलं तर ते एक लक्षण मानतात. १७० सेंटीमीटर उंचीच्या तरुणाची वाव १७८.५ सेंटीमीटरच्या पुढे गेली आणि आजाराच्या इतर खुणाही दिसल्या, तर डॉक्टर त्याला हृदयाची सोनोग्राफी करून घ्यायला सांगतात.